तीन बोटं

मयुरी जळगावला दातांच्या दवाखान्यात असिस्टंटचं काम शिकायला लागली. पहिल्याच आठवड्यात मॅडमनी शिकवलं, "पेशंटनं तोंड उघडलं की एकावर एक तीन बोटं आत मावली पाहिजेत. एकच मावलं, तर गुटख्यानं जबडा आवळलाय. पुढं कॅन्सरची भीती."

रविवारी ती रावेरला घरी आली, तेव्हा वडील दुधात भाकर कुस्करत होते. "आली आमची डॉक्टरीण! तपास बरं मले."

तिनं हसत हसत बोटं पुढे केली. एकच आत गेलं. गुटख्यावर बंदी आहे म्हणतात. विकणारी टपरी समोरच उघडी होती. तिचे डोळे भरले, तसे वडील लाडानं म्हणाले,



"रडते कायले, पोरी? लहानपणी त्या टपरीवरून माझी पुडी घेऊन कशी हसत पळत यायची तू!"