एकवीस तारखेचं ऊन

“आज एकवीस आहे, आई. ऊन उद्या यायचंय,” देवळाच्या वाटेवर सिद्दीकने पुन्हा एकदा सांगून पाहिलं.

“सरकारने देऊळ हलवलं, सूर्य नाही हलवला,” हज करून आलेली हाज्जा दहीबा म्हणाली आणि त्याच्या पुढे चालू लागली.

वर्षातून दोनदा उगवतीचं ऊन अबू सिंबलच्या देवळात थेट गाभाऱ्यातल्या मूर्तींच्या चेहऱ्यांवर पडतं. दहीबाच्या लहानपणी ते फेब्रुवारीच्या एकविसाला पडे. मग धरण आलं, न्यूबियातली गावं पाण्याखाली गेली, माणसं उत्तरेला कोम ओम्बोकडे नेऊन वसवली आणि देऊळ कापून टेकडीवर चढवलं. तेव्हापासून ऊन बावीस तारखेला येतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. जग लोटतं ते बावीसला. एकवीसला येतात ते चुकलेले.

आणि नेमकी हीच चूक सिद्दीकच्या पथ्यावर पडणार होती.

तो कैरोत एका हॉटेलाचा मुदपाकखाना सांभाळायचा. आई कोम ओम्बोजवळच्या गावी एकटी. दोनदा तिच्या हातून चूल तशीच पेटती राहिली, शेजारणीने फोन केला, तेव्हापासून त्याच्या जिवाला घोर लागला होता. घर बंद कर आणि माझ्याकडे चल, हे त्याने रागावून सांगून पाहिलं, रडून सांगून पाहिलं. म्हातारी ढिम्म हलेना. शेवटी तिनेच पैज लावली. एकवीसला ऊन मूर्तींच्या चेहऱ्यांवर आलं, तर त्याने पुन्हा कैरोचं नाव काढायचं नाही. नाही आलं, तर ती घराला कुलूप लावील. काळ्या दगडावरची रेघ.

सिद्दीकने लगेच हो म्हटलं. मग रात्रभर त्याचं त्यालाच वाईट वाटत राहिलं. आईच्या विसरण्यावर पैज जिंकणारा मुलगा म्हणजे काय दर्जाचा मुलगा?

पण लक्षणं तरी काय कमी होती? पैजेचा निकाल लागायच्या आधीच तिने शेळ्या शेजारणीला देऊन टाकल्या होत्या. ट्रंक भरून ठेवली होती. उंबऱ्यावर बसून फोन कानाला लावून एकटीच हसत असते, असं शेजारीण सांगत होती. आणि काल तर तिने हातापायांना मेंदी लावली. विधवा बाई मेंदी लावत नाही, एवढंही तिला आठवू नये? बायकोने कैरोहून फोनवर सांगून टाकलं, साठी बुद्धी नाठी, आता उशीर करू नका.

देवळापुढे शुकशुकाट होता. पहारेकरी जांभया देत होता. कडेच्या बाकावर दोन म्हातारे चहा पीत बसले होते. एक पांढऱ्या झग्यातला, काठीसारखा सरळ. दुसरा लाल टोपीवर पांढरा फेटा गुंडाळलेला मौलवी. सरळ म्हातारा दहीबाला बघून उभा राहिला. हा बशीर, आमच्या बुडालेल्या गावातला, तिने ओळख करून दिली. बायको गेल्यापासून इथेच धरणाच्या तळ्याकाठी राहतो, एकटा.

म्हणजे हाही एकवीसवालाच, सिद्दीकला वाटलं. आईच्या वयाच्या सगळ्यांचंच हे दुखणं दिसतंय. त्याला जरा हलकंही वाटलं. त्याने दोघांना हाताला धरून आत नेलं. मौलवी बाहेरच थांबला.

तळ्यापलीकडे सूर्य वर आला. ऊन दारातून आत शिरलं, खांबांमधून सरकत गाभाऱ्यात पोचलं आणि कडेला पडलं. मधल्या मूर्तींचे चेहरे अर्धे अंधारातच राहिले.

सिद्दीक थांबला. आला होता तो जिंकायला. आजच्या दिवस सरक ना बाबा, तो मनात म्हणाला. ऊन काही सरकलं नाही. थोड्या वेळाने तेही गेलं.

“आई,” तो हळूच म्हणाला, “पैज राहू दे. तू तुझ्या घरात राहा. मी महिन्यातून एकदा येत जाईन.”

“का? मी हरले ना?”

“हरलीस तर हरलीस. तुझं घर बंद व्हायला नको.”

दहीबाने त्याच्या गालावरून हात फिरवला. तिचे डोळे भरले होते. “तू गुणाचा आहेस,” ती म्हणाली. “पण शब्द म्हणजे शब्द. घराला कुलूप लावते.”

तिघं बाहेर आली. कैरोच्या तिसऱ्या मजल्यावर ही बाई कशी जगणार, शेळ्या नाहीत, अंगण नाही, एवढंच सिद्दीकच्या मनात फिरत होतं. बशीरने उजवा हात पुढे केला. म्हातारा निरोप घेतोय असं समजून सिद्दीकने तो हातात घेतला.

बशीर हात सोडेना. मौलवी बाकावरून उठला, झग्याच्या खिशातून पांढरा रुमाल काढला, झटकला आणि त्या दोघांच्या हातांवर पसरला.

सिद्दीकने गोंधळून आईकडे पाहिलं.

“ऊन बावीसला येतं, हे मलाही ठाऊक आहे रे,” दहीबा ओढणी सारखी करत म्हणाली. “पण उद्याच्या गर्दीत मौलवींना बसायला जागा कुठली मिळणार? आणि कुलूप लावते म्हणाले होते, कैरोला येते कधी म्हणाले? आता हात मागे घेऊ नकोस. विधवेचा निकाह तिच्या मुलाच्या हातूनच लागतो.”