बंद केलेली जाहिरात

लोकांनी आपल्याला लावलेल्या डागांवर तिने एक रॅप लिहिलं. ते इतकं गाजलं की धुण्याच्या पावडरच्या एका कंपनीने ते जाहिरातीसाठी घेतलं. टीव्हीवर दिवसातून वीस वेळा तिचा आवाज घुमू लागला, “डाग तुमचे, अंग माझं!” आणि पाठोपाठ दोरीवर एक पांढराशुभ्र शर्ट फडफडायचा.

तिच्याबरोबर रॅप करणाऱ्या दोघी मैत्रिणींनी येणंजाणं बंद केलं. एकीने तर तोंडावर सांगितलं, “आता तू गात नाहीस गं, लोकांची धुणी धुतेस.” ते तिच्या फार जिव्हारी लागलं, कारण घर सोडल्यापासून त्या दोघींशिवाय तिचं कुणी नव्हतं. ‘रॅप-बिप करायचं तर या घरात नको,’ म्हणत वडिलांनी दोन वर्षांपूर्वीच तिच्याशी बोलणं टाकलं होतं.

करार वाढवायला कंपनीचा माणूस आला, तेव्हा तिने साफ नकार दिला. जाहिरात बंद झाली. तिने मैत्रिणींना लगेच कळवलं, तर “बरं केलंस” एवढाच मेसेज आला. भेटायला कुणी आलं नाही.

नंतर एका दुपारी ती खोलीत एकटीच लोळत पडली होती, तेव्हा फोन वाजला.

“बाबा? तुम्ही?”

पलीकडे टीव्ही चालू असल्याचं ऐकू येत होतं. मग त्यांनी तो बारीक केला.

“आठ दिवस झाले, तुझा आवाज नाही आला. बरी आहेस ना?”