आज काय केलं?

जगदेवच्या जबड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून त्याचं बोलणं बंद आणि खाणं नाकातल्या नळीतून. त्याची मुलगी वैभवी इंझोरीला माहेरी येऊन राहिली. दर दोन तासांनी ती नळीत तीच पातळ पेज सोडायची आणि सांगायची, "बाबा, आज वांग्याचं भरीत हाय."

जगदेव पाटीवर लिहायचा, "लय तिखट केलं."

परवा तपासणीत डॉक्टर म्हणाले, गाठ पुन्हा आली आहे. घरी आल्यावर वैभवीनं सिरिंजमध्ये पेज भरली. भाजीचं नाव काही तिच्या तोंडून निघेना.  जगदेवनं पाटी ओढून लिहिलं, "आज पुरनाची पोळी हाय. तूप सढळ हातानं वाढ."