समोरच्याची चूक

“आता मी सुनावणीतला साहेब,” ताई म्हणाली आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर ताठ बसली. “सांगा, खांदा दुखतो का?”

“दुखतो थोडासा,” पेंटर म्हणाला.

“थोडासा! काल उशी दातांत धरून पडला होतास, ते थोडासा?”

ताई उठली आणि त्याच्या शर्टाची बटणं लावू लागली. त्याचा उजवा हात गळ्यात अडकवलेल्या पट्टीत होता. त्या हातानं त्यानं बाजारातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या, इतक्या की लोक त्याचं खरं नावच विसरून गेले होते. अपघातानंतर एकदा त्यानं डाव्या हातानं पाटी रंगवून बघितली. दुकानदारानं ती ठेवून घेतली, पण लावली नाही.

त्या दिवशी तो शिडीवर होता. ताई डबा घेऊन यायची वेळ झाली होती, म्हणून शेवटचं अक्षर उरकत होता. तेवढ्यात एक गाडी मागे येता येता शिडीवर आदळली. तो खाली आला तो उजव्या खांद्यावरच.

आणखी एक ऑपरेशन झालं तर पुन्हा ब्रश धरता येईल, असं डॉक्टर म्हणत होते. ते नुकसानभरपाई मिळाली तरच जमणार होतं. आणि भरपाई हवी तर गाडी चालवणाऱ्याची चूक ठरायला हवी होती, शिवाय आपल्याला काय सोसावं लागतंय ते पेंटरनं स्वतःच्या तोंडानं सांगायला हवं होतं. तिथंच घोडं अडलं होतं.

गाडीच्या विमा कंपनीचा माणूस मध्यंतरी घरी येऊन गेला होता. शिडी आधीपासूनच डगमगत होती असं म्हटलं तर कुणावरच ठपका येणार नाही, असं तो गोड बोलून सुचवत होता. ताईनं त्याला पाणीसुद्धा न विचारता वाटेला लावलं होतं.

“खरं तर शिडी थोडी हलत होती,” चपला घालताना पेंटर पुटपुटला.

“शिडी जागची हलत नव्हती. गाडी मागे घेताना आरशात बघितलं नाही. विषय संपला.”

दोघं बसनं निघाले. शेवटच्या थांब्यावर बस मागे घेताना कंडक्टरनं “येऊ द्या, येऊ द्या” म्हणत शिट्टी वाजवली, तशी ताईनं डोळे मिटून घेतले. तिची नखं पेंटरच्या तळहातात रुतली. तो खिडकीबाहेर बघत राहिला.

सुनावणीच्या खोलीबाहेर लांबलचक बाक होता. भिंतीचा रंग पोपडे धरून सुटला होता. पेंटर सवयीनं त्याच्याकडे बघत बसला. पेंटरच्या वकीलबाई घाईघाईनं आल्या.

“हे बघा, आत गेल्यावर ‘बरं आहे’ एवढं म्हणू नका. सगळे तिथंच फसतात.”

त्या गेल्यावर पेंटर हळूच म्हणाला, “ताई, घरी जाऊ या. कंटाळा आला मला.”

“मलाही आलाय. म्हणून तर आज संपवायचं.”

“मी बोललो की समोरच्यावर कायमचा शिक्का बसेल गं.”

“बसू दे.”

“मुद्दाम कुणी करतं का असं? माणूस चांगला असेल.”

“चांगल्या माणसाच्या गाडीनं पाडलं, तर खांदा कमी दुखतो का?” ताईचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. “दया करू नकोस रे. समोरच्याला तुझी दया नकोय.”

तेवढ्यात पुकारा झाला.

आत टेबलापलीकडे अधिकारी बसले होते. वयस्कर, तेही दमलेले. विम्याच्या वकिलानं ताईकडे बघून ओळखीनं मान हलवली. ताईनं बघून न बघितल्यासारखं केलं आणि पेंटरला बसवून ती त्याच्या शेजारी बसली.

“काय त्रास होतो?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

पेंटरनं ताईकडे बघितलं. तिनं त्याचा डावा हात हातात घेतला.

“बरं...” तो म्हणाला आणि थांबला. ताईची पकड घट्ट झाली.

“बरं नाही, साहेब,” तो म्हणाला. “पांघरूण ओढता येत नाही. शिंक येणार म्हटलं की अंगाला घाम फुटतो. दुकानांच्या पाट्या दिसू नयेत म्हणून बाजारातून खाली मान घालून जातो. रात्री फार दुखतं, पण कण्हत नाही. शेजारच्या खोलीत ताई असते. तिला आवाज गेला की ती उठून बसते, मग उजाडेपर्यंत तशीच. म्हणून घोरण्याचं सोंग करतो.”

ताईनं मान खाली घातली. हे तिला माहीत नव्हतं.

अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं. “आणि शिडी?”

“शिडी पक्की होती.”

“म्हणजे चूक गाडी चालवणाऱ्याची?”

पेंटरनं ताईच्या हाताकडे बघितलं. मग म्हणाला, “हो.”

विम्याच्या वकिलानं पेन खाली ठेवलं. पेंटरच्या वकीलबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला.

“शेवटचं, नोंदीपुरतं,” अधिकारी म्हणाले. “गाडी चालवणारी व्यक्ती या खोलीत हजर असेल, तर तिच्याकडे हात करा.”

पेंटरचा उजवा हात पट्टीत होता आणि डावा ताईच्या हातात. त्यानं तो सोडवून घेतला नाही. ताईच्या हातासकट तसाच वर उचलला.

“ही,” तो म्हणाला.