न मागितलेला एक्का

आईने आपली पानं टेबलावर उघडी मांडली, तशी ऋजुता अंतिम सामन्यातला शेवटचा डाव मनात रचू लागली. ब्रिजमध्ये आईच तिची जोडीदार; आईची उघडी पानंही आता ऋजुताच मागून खेळणार होती. आईकडचा चौकट एक्का शेवटपर्यंत राखला, तरच करंडक त्यांचा होता.

तिने पान मागायच्या आत आईने तोच एक्का पुढे सरकवला. सांगितल्याशिवाय उघड्या पानांना हात लावायचा नाही, हे अख्ख्या क्लबला आईनेच तर दटावून शिकवलं होतं!

"वहिनी, लेकीने मागितलं कुठे? घ्या परत," समोरच्या जोडीतले पेठे हसले.

आई पानांकडे बघतच राहिली. "आपला हुकूम कोणता गं?" तिने घाबरून विचारलं.

ऋजुता पेठ्यांकडे वळली.

"मागितला होता मी, काका. तुम्हालाच ऐकू आलं नाही," ती म्हणाली, आणि तिने आईच्या एक्क्यावर आपली दुर्री टाकली.