शेवरलेटचा आवाज

"चार बॅरलचा कार्बोरेटर म्हणजे ताकद, दाजी! नुसता पाय ठेवला की गाडी पंचगंगेपार!" रणधीर म्हणाला.

"आणि पगारही," बहिणीचे यजमान आपला दोन बॅरलचा कार्बोरेटर फडक्याने पुसत म्हणाले. "माझा बसवा. ताकद थोडी कमी, पण पेट्रोल वाचेल."

ज्याचा कार्बोरेटर सरस ठरेल त्याला आपली जुनी अमेरिकन शेवरलेट देऊ, असं रणधीरचे वडील, आबा, एकदा जेवताना बोलून बसले होते. रणधीरला ती गाडी हवीच होती. लहानपणी आबा त्याला शाळेत सोडायला आले, की तिच्या घुमणाऱ्या आवाजाने वर्गाच्या खिडक्या थरथरायच्या आणि रणधीरची मान ताठ व्हायची.

बॉनेटला मात्र आबा कुणाला हात लावू देत नसत. आज नाइलाजाने त्यांनीच ते उघडलं आणि दोन पावलं मागे सरले.

रणधीरच्या हातातला कार्बोरेटर पायावर पडला. तो ओरडलासुद्धा नाही. आत टेम्पोचं डिझेल इंजिन होतं, चांगलं जुनं, मुरलेलं. म्हणजे खिडक्या हलवणारा तो अमेरिकन आवाज टेम्पोचा होता!

"तू शाळेत जायच्या आधीच, पेट्रोल भडकलं तेव्हा बदललं," आबा म्हणाले. "पण तुझी मान एवढी ताठ, सांगायचा धीर होईना बघ."

"मग कार्बोरेटर बसवायचा कुठं?" दाजींनी खोल गेलेल्या आवाजात विचारलं.

"डिझेलला तो लागतच नाही, जावईबापू." आबांनी किल्ली खिशात टाकली. "तेव्हा काटकसरीत माझा नसलेलाच सरस."