ओलं वजन

प्रयोगशाळेत वजनकाट्यासमोर रांग लागली होती आणि त्या रांगेत तिच्याइतकी कोरडी पावडर कुणाचीच नव्हती. दुपारभर ती ओव्हनपाशी उभी राहिली होती. बाकीचे शहाणे. त्यांनी गाळणकागदावरून खरवडलं, पुडी बांधली आणि आले. पाण्यालाही वजन असतं, एवढं रसायनशास्त्र वर्गात सगळ्यांना न शिकवताच येत होतं.

अपेक्षित वजन सरांनी फळ्यावर लिहून ठेवलं होतं. त्याच्या जितकं जवळ, तितके मार्क. बाटल्यांतली रसायनं जुनी झालेली, त्यामुळे तेवढा पदार्थ खरा कुणाचाच बनत नसे. वजन मात्र सगळ्यांचं भरे.

तिचं भरणार नव्हतं. याच प्रॅक्टिकलमध्ये मागच्या वर्षी तिची दांडी उडाली होती. "काम चोख आहे गं तुझं, पण वजन भरत नाही," सर म्हणाले होते. त्यातला 'चोख' तेवढा तिने वर्षभर जपला होता. या खेपेला नापास झालीस तर कॉलेज बंद, असं दादाने काल जेवताना शांतपणे सांगितलं. दादा शांतपणे बोलला की ती काळ्या दगडावरची रेघ.

"अगं, दोन थेंब टाक की," मागे उभी असलेली मैत्रीण कुजबुजली. "मोठी सत्यवादी लागून गेलीस!"

"सरांना कळेल."

"आजवर कुणाला धरलंय त्यांनी?"

"मला धरतील," ती म्हणाली. तिच्या आवाजात भीती होती, पण थोडा अभिमानही होता.

रांग पुढे सरकली. फळ्यावरचा आकडा तिने पुन्हा एकदा पाहिला. मग बाजूच्या टेबलावरची पाण्याची बाटली उचलली, पुडी उघडली आणि बाटली हलकेच दाबली. हात जरासुद्धा थरथरला नाही, याचंच तिला वाईट वाटलं.

तिचा नंबर आला. सरांनी पुडी उघडली. पावडर कागदाला चिकटून बसली होती. त्यांनी ती बोटाने सोडवली, बोटं एकमेकांवर चोळली आणि क्षणभर थांबले. आता त्यांनी ओरडावं, पुडी भिरकावून द्यावी, सगळ्यांसमोर खरडपट्टी काढावी, असं तिला अगदी मनापासून वाटत होतं. दादाला काय सांगायचं ते मग नंतर बघता आलं असतं.

काट्यावरचे आकडे स्थिरावले. सरांनी मार्क मांडले. भरपूर होते. मग त्यांनी रुमालाला बोटं पुसली.

"यंदा जमलं की तुला," ते म्हणाले, आणि पुढच्या पुडीसाठी हात पुढे केला.